हलू नका म्हणणारा शिवप्पा

देवणीच्या स्टँडवर उतरून ‘शिवप्पा फोटोवाला कुठं असतो’ असं विचारलंत, तर लोक आधी हसतील आणि मग रस्ता दाखवतील. मी त्यांची बायको, उमादेवी. लोक हसतात याचा मला राग येतो, आणि हसण्यात त्यांची काही चूक नाही हेही कळतं. हा माणूस जन्माचा गोंधळलेला. भाजी आणायला पाठवलं तर बाजारात पोचून मलाच फोन करतात, “उमा, मी कशाला आलतो गं?” दुसऱ्याच्या मोटारसायकलला आपली चावी लावतात आणि लागेना म्हणून मेकॅनिकला बोलावतात. मेकॅनिक ओळखीचा आहे. तो काही न बोलता त्यांना त्यांच्या गाडीपाशी नेऊन सोडतो.

कॅमेरा हातात आला की मात्र त्यांना सगळं सुचायला लागतं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नाही. कॅमेरा हातात आला की गोंधळ उलट वाढतो. फरक एवढाच, की तो गोंधळ त्यांना आवडतो.

स्टुडिओ म्हणजे एक गाळा. पुढं काउंटर आणि कॉम्प्युटर, मागं निळा पडदा, एक स्टूल, भिंतीला आरसा आणि दात पडलेला एक कंगवा. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी आणि जनावरं, असा धंदा. देवणी बैलाला कर्नाटकातनं गिऱ्हाईक येतं, पण हल्ली ते आधी मोबाइलवर फोटो मागतं. मग मालक ह्यांना गोठ्यावर घेऊन जातो. एक फोटो बाजूनं, एक समोरनं. वशिंड आणि शिंगं नीट दिसली पाहिजेत. हे नवरदेवाला म्हणतात “हलू नका” आणि बैलालाही म्हणतात “हलू नका”. बैलाला अहोजाहो करणारा तालुक्यात हा एकच माणूस असेल. आणि बैल ऐकतात हो. नवरदेवच ऐकत नाहीत.

जुना कॅमेरा बंद पडला तेव्हा लातूरहून नवा डिजिटल कॅमेरा आणला, आणि त्याच फेरीत रात्रीच्या फोटोंचं एक दिवसाचं शिबिर करून आले. गेले तेव्हा बरे होते. आले ते वेड लागल्यासारखे. जेवताना भाकरी हातातच राहिली आणि मला शिकवणी सुरू.

“हे बग उमा, रात्री उजेड थोडा असतो. मग काय करायचं, कॅमेऱ्याचं दार जास्त येळ उघडं ठिवायचं. थोडा थोडा उजेड आत जमा होऊ द्यायचा. पर दार उघडं असताना हात हालला तर सगळं पुसून जाणार. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर. बोटानं बटन दाबलं तरी हालतोय, म्हणून टायमर लावायचा. आयएसओ वाढवला तर उजेड वाढतो, पर फोटोवर वाळू सांडल्यावानी ठिपके येत्यात. अन् फ्लॅश मारायचा न्हाई. फ्लॅशनं समोरचं तोंड पांढरं फटक पडतं अन् मागची रात्र मरून जाती.”

हे शेवटचं वाक्य शिबिरातलं असणार. ह्यांचं नव्हे.

“आणि समोरचा माणूस हलला तर?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“त्योच तर खेळ हाय! जो हालला त्यो पुसटला. जास्त हालला तर दिसतच न्हाई. जो बसून राह्यला त्योच फोटोत राहतो.”

त्यानंतर आमच्या घराची रात्र गेली ती गेलीच. अंधार पडला की ट्रायपॉड खांद्यावर टाकून निघायचे. स्टँडच्या रस्त्याचा फोटो काढला, त्यात एकही गाडी नाही, नुसत्या लाल-पांढऱ्या रेघा. शेजारच्या बजरंगच्या बैलाचा गोठ्यातल्या बल्बवर फोटो काढला, त्यात बैलाला तीन कान आले. बजरंग फोटो घेऊन आमच्या दारात. “वैनी, गिऱ्हाइकाला काय सांगू? ह्यो कान कंचा?” हे आतून ओरडले, “त्यानं कान हालीवला, माझा काय दोष!” एका लग्नात तर कहर केला. वरातीचा फोटो असा काढला की मांडव दिसतोय, लाइटिंग दिसतंय, रस्ता दिसतोय आणि रस्त्यावर माणूस नाही. नवरीचा बाप आला भांडायला. दीडशे माणसं नाचली, कुठं गेली? हे त्याला समजावून सांगतायत, “हायती की सगळी. नाचली म्हणून दिसंनात.” त्या दिवशी मी त्या माणसाला चहा पाजला आणि ह्यांना रात्री उपाशी ठेवणार होते, पण ठेवलं नाही.

आता अव्वांबद्दल सांगते. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, शरणम्मा. आमच्याकडं सीमेवरची घरं, आईला अव्वाच म्हणतात. सासरे लवकर गेले. अव्वांनी लग्नाकार्यांना कडक भाकरी करून देऊन दोन पोरं वाढवली, मोठे मलप्पाअण्णा आणि धाकटे हे. अण्णा लातूरला दाळमिलमध्ये आहेत. माणूस कसा, तर एका सुपात दोन दाळी चालणार नाहीत असा. ह्यांच्या अगदी उलट.

अव्वांचं आणि माझं जमलं नाही असं कुणी म्हणणार नाही, आणि जमलं असंही म्हणणार नाही. माझी भाकरी जाड होते हे त्यांनी शेवटपर्यंत पोटात घातलं नाही. पण तो विषय वेगळा.

अव्वांच्या डोळ्याचं उदगीरला ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्यांना कॅमेऱ्याची चमक सोसायची नाही. फ्लॅश पडला की पाणी यायचं आणि दिवसभर डोळा चोळत बसायच्या. “शिवा, माज्या डोळ्यात ईज पाडू नको रं.” म्हणून घरातल्या प्रत्येक कार्याच्या फोटोत अव्वा अशा: एक हात तोंडावर, किंवा पदर, किंवा पाठमोऱ्या. दिवसा काढावा तर दिवसा हे दुकानात नाहीतर कुणाच्या तरी लग्नात. आणि जिथं अव्वा जरा बऱ्या दिसतात तिथं हे नाहीत, कारण हे कॅमेऱ्यामागं. अर्ध्या तालुक्याच्या आयांचे पोरांसोबतचे फोटो ह्यांनी काढले. स्वतःचा आईसोबत एक नव्हता.

हे मला त्यांनीच एकदा सांगितलं, रात्रीचा ट्रायपॉड पुसता पुसता. “एक डाव मला रातीचं नीट जमू दे. फ्लॅशबिगर. मग अव्वाला समईपुढं बसवतो अन् टायमर लावून मी बाजूला बसतो. तिला कळायचं बी न्हाई.” तेव्हा मला कळलं, हे रात्री-अपरात्री बैलांचे कान कशासाठी मोजत फिरतात. मी त्या दिवसापासून कुरकुर कमी केली. बंद नाही केली.

पण जमलं म्हणावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. आज ठिपके आले, उद्या बघू. आज वाऱ्यानं ट्रायपॉड हलला, उद्या बघू. असं करता करता ह्या वैशाखात अव्वा दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत.

आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की त्याला निजवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवायचं, हातात इष्टलिंग द्यायचं, गळ्यात हार. आणि असंच बसलेलं विमानातून, म्हणजे सजवलेल्या पालखीतून, नेऊन बसलेलंच माती द्यायची. शेवटी सगळं घर भोवती बसतं आणि एक फोटो काढतात. ह्यांनी असे कितीतरी घरचे फोटो काढले आहेत. त्या दिवशी अव्वांना ओसरीवर पाटावर बसवलं. पाठीला फळी लावून कापडानं बांधलं, तरी अंग एका बाजूला झुकत होतं. म्हणून फळीच्या मागं गुडघ्यावर मी बसले, दोन्ही हातांनी त्यांची कंबर धरून.

अण्णा कामासाठी नांदेडला गेले होते. त्यांना यायला दिवस मावळला. तेवढ्यात वारं सुटलं आणि लाइट गेली. राहिला उजेड दोन समयांचा आणि बजरंगनं आणून दिलेल्या चार्जिंगच्या दिव्याचा, तोही मरतुकडा. विधी करणारे मठपती म्हणाले, आता थांबू नका. फोटो काढून घ्या आणि उचला.

हे तोपर्यंत रडले नव्हते. लोकांना पाणी देत होते, चपला सरळ करत होते, एकाच माणसाला तीनदा ‘कवा आलाव’ विचारत होते. फोटोचं नाव निघालं तसे आत गेले आणि ट्रायपॉड घेऊन आले. मला वाटलं फ्लॅश लावतील. पाव मिनिटाचं काम.

अण्णाही तेच म्हणाले. “शिवा, चमक मार अन् मोकळा हो. किती येळ?”

“न्हाई अण्णा. तिला सोसत न्हाई.”

“आता काय होतंय तिला? डोळे मिटल्यात की.”

ह्यांनी अण्णांकडं असं पाहिलं, जसं की प्रश्नच कळला नाही. मग परत म्हणाले, “सोसत न्हाई तिला,” आणि कॅमेऱ्याचे आकडे फिरवायला लागले. अण्णांनी पोरांना पुढं बसवायला घेतलं. मी फळीमागं होते, मला रडू फुटलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

सगळे बसले. अव्वांच्या डाव्या हाताला अण्णा आणि जाऊबाई, पुढं पोरं, उजवी बाजू ह्यांच्यासाठी मोकळी. हे उभं राहून नेहमीच्या आवाजात सांगायला लागले. “लाल दिवा लुकलुकंल. त्यो थांबला की फोटो सुरू. मग परत टिक वाजंपर्यंत कुणी हालायचं न्हाई. मनात आकडे मोजा. सगळ्यांनी काचंकडं बगायचं, इकडं-तिकडं न्हाई. हलू नका.” बटन दाबून धावत आले आणि आईशेजारी बसले.

लाल दिवा थांबला. त्याच वेळी मला हातात कळलं, अव्वांचं वजन उजवीकडं गेलं. मान कलायला लागली. माझे हात खाली कंबरेला, मी काही करू शकत नव्हते. आवाज द्यावा तर फोटो बिघडायचा. मग हे गुडघ्यावर उठलेले मला फळीच्या कडेनं दिसले. त्यांनी मान खाली यायच्या आत धरली, सरळ केली आणि टिक वाजेपर्यंत तशीच धरून ठेवली. बाकी सगळे सांगितल्याप्रमाणं काचेकडं बघत होते. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की विमान उचललं.

गणाराधनेला, म्हणजे दिवसकार्याला, मोठा फोटो करून लावायचा असं अण्णांनी जाताना सांगितलं होतं. हे फोटो दाखवेनात. विचारलं की “नीट न्हाई आला” म्हणायचे, आणि “का कळंना” म्हणायचे. एकदा लातूरला जाऊन शिबिरातल्या मास्तरांना भेटून आले. आले ते आणखी गोंधळून. रात्री अंगणात रिकामी खुर्ची मांडून तिच्या बाजूला स्वतः बसायचे, टायमर लावून, पुन्हा पुन्हा. आत येऊन म्हणायचे, “आता तर बरोबर येतोय.” मी म्हणायचे, “मग झोपा.” मला वाटायचं कॅमेऱ्यात काही बिघाड असेल. खरं म्हणजे मला त्यांची काळजी वाटायला लागली होती. आई गेली आणि हा माणूस आकडे फिरवत बसलाय. एकदा मोकळेपणानं रडला असता तर बरं झालं असतं.

गणाराधनेला शेवटी अव्वांचा मतदार कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला. अण्णा चारचौघांत म्हणाले, “तालुक्याचे फोटो काढतंय अन् आईचा एक काढता ईना.” ह्यांनी ते ऐकून घेतलं. मी ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं.

दोन दिवसांनी डबा घेऊन मी स्टुडिओत गेले. हे कॉम्प्युटरपुढं बसलेले. मला बघून खिडकी बंद करायला गेले आणि गडबडीत भलतंच बटन दाबलं, तसा फोटो आणखी मोठा झाला. पडदाभर अव्वा. इतक्या स्वच्छ अव्वा मी कुठल्याच फोटोत पाहिल्या नव्हत्या. कपाळाची विभूती, मिटलेले डोळे, हनुवटीवरचं गोंदण, सगळं. अण्णा जरा पुसट, पोरं त्याहून पुसट. आणि अव्वांच्या उजव्या बाजूला ह्यांच्या जागी एक पातळ सावली. तिच्यातून मागचा खांब आरपार दिसत होता. तोंड तर नव्हतंच.

“बग,” ते म्हणाले. “सगळे आले, मीच न्हाई. दगडासारखा बसलतो गं मी. आकडे मोजत. पापणी बी हालीवली न्हाई. मग कसं? मास्तरला इचारलं, ते म्हणाले तुमी हालला असचाल. मी कसा हालंन? मीच सांगितलतं की सगळ्याला हलू नका. कळंना बग मला. काय बी कळंना.”

मला आजवर वाटत होतं की ह्यांना ठाऊक आहे.

“वरनं ह्यो धूर,” ते म्हणाले. “अव्वाच्या कानापाशी बग. उदबत्तीचा आला असंल. निदान अव्वा तरी नीट करावी म्हणून पुसून राहिलो.”

अव्वांच्या कानापाशी, गालावर आणि पदरावर, पांढुरकं काहीतरी होतं. ह्यांनी ते खालच्या बाजूनं पुसत आणलं होतं. वरचं अजून शिल्लक होतं. मी वाकून पाहिलं. चार पट्ट्या होत्या, शेजारी शेजारी. आणि एक आडवी, हनुवटीखाली.

“थांबा,” मी ओरडलेच. “पुसू नका! अहो, तो धूर नाही. हात आहे तुमचा.”

त्यांनी माउस सोडला.

“तुम्ही उठलात. अव्वांची मान कलत होती, मला खालून कळत होतं. तुम्ही उठलात आणि धरलीत. शेवटपर्यंत धरून ठेवलीत. बाकी सगळे काचेकडं बघत होते. मीच तेवढी मागं होते, मी पाहिलंय.”

“मी?”

“मग कोण? लोकांना हलू नका म्हणायचं आणि आपणच उठायचं.”

त्यांनी पुसलेलं एकेक करून परत आणलं. आधी बोटांची मुळं आली, मग तळहात, मग मनगटाचा थोडा भाग. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, पडद्यावरच्या हातासमोर धरला आणि बोटं तशीच वाकवून पाहिली. बरोबर जुळली.

“म्हंजी मी हाय की गं यात,” ते म्हणाले.

“हाय की,” मी म्हटलं.

आणि मग ते रडले. टेबलावर डोकं ठेवून, लहान पोरासारखे, ‘अव्वा, अव्वा’ करत. मी डबा खाली ठेवला आणि पाठीवर हात फिरवत उभी राहिले. मलाही थांबवेना. तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी एक माणूस दारात आला, परगावचा असावा. आत बघून तिथंच थबकला.

“काय झालं, बाई?”

“त्यांची आई गेली,” मी म्हटलं.

“अरारा. कवा?”

मी टेबलावर टेकलेल्या ह्यांच्या डोक्याकडं पाहिलं.

“आत्ताच,” मी म्हटलं.